नाकाचा निकाल

बुधवारी सकाळी सात वाजता जळगावातल्या एखाद्या फ्रीझरमधून एक दगड बाहेर येतो. दगडावर तीन पिशव्या असतात, पैकी सर्वांत बाहेरची साडीच्या दुकानाची, आणि आत रविवारी आणलेली किलोभर कोंबडी असते. दगड पातेल्यात जातो, पातेलं ओट्यावर, पातेल्यावर ताट, ताटावर मांजराच्या भीतीने खलबत्ता, आणि घर आपापल्या कामाला पांगतं. दुपारी एकनंतर मंडळी पुन्हा जमतात तेव्हा दगडाचं मांस झालेलं असतं आणि तळाशी गुलाबी पाणी साचलेलं असतं. मग सुनावणी सुरू होते. पातेलं एकेका नाकाखालून फिरतं. "वास येस का?" आजी विचारतात. "नही येत," सून म्हणते. "थोडासा येतोय," कॉलेजातला नातू म्हणतो. "कोंबडीला कोंबडीचा वास नाही येणार तर काय मोगऱ्याचा येईल?" त्याचे वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारतात. पहिल्या फेरीत एकमत होत नाही म्हणून पातेलं दुसऱ्यांदा फिरतं. तिसऱ्या फेरीला शेजारच्या काकूंना बोलावलं जातं, कारण त्यांचं नाक तीक्ष्ण आहे अशी गल्लीत ख्याती असते. (काकू जन्माच्या शाकाहारी असतात, पण हा मुद्दा कुणी काढत नाही.) शेवटी ज्याला सर्वांत जास्त भूक लागलेली असते तो निकाल देतो: "काही नही व्हस रे भो, मसाला जरा दणकून टाका."

माझं म्हणणं इतकंच आहे, की या खटल्यातला न्यायाधीश बदलायला हवा. नाकाला सन्मानाने निवृत्त करावं आणि त्याच्या जागी भिंतीवरच्या घड्याळाला बसवावं. विनोदी लेख लिहिणाऱ्याने जंतुशास्त्रात नाक खुपसू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ज्यांना जंतुशास्त्र कळतं ते आखाडातल्या रविवारी कुणाच्या ओट्याजवळ उभे नसतात, आणि जे ओट्याजवळ उभे असतात त्यांना ते ऐकायचं नसतं. या दोन्ही मंडळींच्या मधे माझ्यासारख्या अर्धवटालाच जागा आहे.

आधी ही कोंबडी फ्रीझरमध्ये गेलीच का, ते पाहू. खान्देशात कोंबडी अजूनही बव्हंशी समोर कापून घेतली जाते. ताजी मिळते, रोज मिळते, गल्लीच्या तोंडाशी मिळते. मग ती गोठवायची गरज काय? गरज पंचांगाची आहे. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा किंवा गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी सवलतीत दोन किलो मिळतंय म्हणून घरधनी दोन किलो आणतो, त्यातलं एक संपतं, आणि दुसऱ्याला सोमवार-मंगळवार बर्फात काढावे लागतात. बुधवारी एकादशी निघाली तर मुक्काम शुक्रवारपर्यंत वाढतो, आणि शुक्रवारी घरात कुणाचा संतोषीमातेचा उपवास असला तर रविवारपर्यंत. आखाडात तर हिशेब महिन्यांवर जातो. गटारीच्या आदल्या दिवशी घाईघाईने भरलेली पिशवी मागे राहिली तर श्रावण, गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र ओलांडून दसऱ्यानंतरच उजेडात येते. इतका प्रदीर्घ चातुर्मास घरातल्या कुठल्याही माणसाने पाळलेला नसतो. त्या काळात ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात राहते, म्हणजे पाहुण्यांना दिसत नाही आणि नातवंडांचा मात्र दर आठवड्याला एकदा विश्वासघात होतो.

इथे फ्रीझरची बाजू मांडायला हवी. उणे १८ अंशांवर अखंड राहिलेली कोंबडी बिघडत नाही. काही महिन्यांनी तिची चव उतरते, कडा सुकून पांढुरक्या होतात, पण ती घातक होत नाही. मात्र गोठवल्याने जंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. ते झोपतात. बर्फ वितळला की उठतात आणि जिथे थांबले होते तिथून पुढे कामाला लागतात. सरकारी कचेरीत असा उत्साह सोमवारी सकाळी बघायला मिळत नाही. गोठवलेल्या कोंबडीचा पहिला गाजलेला बळीही जंतूंमुळे गेलेला नाही. फ्रान्सिस बेकन हा इंग्रज तत्त्वज्ञ १६२६ साली, थंडीने मांस टिकतं का हे पाहण्यासाठी, कोंबडीच्या पोटात बर्फ भरायला गाडीतून खाली उतरला, त्याला गारठा बाधला आणि तो वारला, अशी हकिगत जॉन ऑब्रेने लिहून ठेवली आहे. हा ऑब्रे गावगप्पा आवडीने टिपणारा होता, तेव्हा ती किती खरी हे ज्याने त्याने ठरवावं. प्रयोग उत्तम जमल्याचं मात्र खुद्द बेकननेच अखेरच्या दिवसांतल्या पत्रात कळवलं आहे.

आता नाकाकडे येऊ. नाक हा साक्षीदार म्हणून वाईट नाही. पण ज्या गुन्ह्याची तो साक्ष देतो तो गुन्हा वेगळाच असतो. मांसाला दुर्गंधी आणणारे, त्यावर बुळबुळीत थर चढवणारे जंतू ही एक टोळी आहे. त्यातले स्यूडोमोनाससारखे काही तर फ्रीजच्या गारव्यातही सुखाने वाढतात. माणसाला आडवं करणारे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर ही दुसरी टोळी. पहिली टोळी वाजतगाजत येते, दुसरी चपला हातात घेऊन. साल्मोनेला पुरेशा संख्येने बसलेला असला तरी मांस दिसायला गुलाबी, हाताला घट्ट आणि वासाला निर्दोष असू शकतं. उलट, हवाबंद पाकिटातली चांगली कोंबडी उघडल्याबरोबर गंधकासारखा एक भपकारा येतो आणि काही मिनिटांत विरून जातो. तिचा काहीच अपराध नसतो. म्हणजे नाक दोषींना सोडतं आणि निर्दोषाला कचरापेटी सुनावतं. शिवाय तोच वास पुन्हा पुन्हा घेतला की नाकाला तो कळेनासा होतो, त्यामुळे तिसऱ्या फेरीत हमखास एकमत होतं. यात न्यायाधीश भुकेलेला असतो हे वेगळं. आणि सर्वांवर कडी म्हणजे, स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जो जंतू अन्नात विष सोडतो, तो साधारण तीस टक्के माणसांच्या मुक्कामाला असतो, आणि त्याची आवडती जागा नाकपुडी आहे. आता काकू पातेल्यात किती खोल वाकून वास घेतात ते आठवावं.

साल्मोनेलाचा साल्मन माशाशी संबंध नाही, हे जाता जाता सांगतो. डॅनियल साल्मन नावाचे अमेरिकन पशुवैद्य होते, त्यांचं नाव त्याला दिलेलं आहे. जंतू शोधला तो त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथने, १८८५ मध्ये. काम स्मिथचं, नाव साहेबांचं. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी कुठल्याही कार्यालयात नोकरी केली आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

खरं पाहता पारखीच्या बाबतीत जळगावच्या माणसाला कुणी हसू नये. रावेर-यावलचा केळीचा घड किती दिवसांत पिकेल हे नुसतं बघून तो सांगतो, आणि ते खरं निघतं, कारण केळं आपली प्रकृती सालीवर छापून फिरतं. सोन्याच्या बाबतीत मात्र हाच माणूस डोळ्यांवर विसंबत नाही. सराफ बाजारात तो हॉलमार्क बघतो, यंत्रावर कस लावून घेतो, वजनकाट्याची काच बंद आहे ना तेही बघतो. दहा ग्रॅम सोन्याला यंत्र लागतं आणि किलोभर कोंबडीला, जी थेट पोटात जाणार आहे, तिला शाकाहारी काकू पुरतात. मांसात खुपसून तपमान सांगणारा काट्याचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो लग्नात कुणी आहेर म्हणून दिल्याचं ऐकिवात नाही. घड्याळं मात्र प्रत्येक लग्नात सात येतात, म्हणूनच माझी शिफारस घड्याळाची आहे.

घड्याळाचा पुरावा असा. कोंबडी वितळते ती बाहेरून आत. पंखाजवळचं मांस खोलीइतकं गरम झालेलं असतं तेव्हा मांडीच्या हाडाशी अजून बर्फ असतो. आपण बोट खुपसून "आत अजून दगडच आहे" म्हणत निर्धास्त राहतो आणि बाहेरच्या बाजूला तोवर वसाहत उभी राहते. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या सुखाचा पट्टा. त्यातही आपल्या अंगाच्या उष्णतेजवळ, सगळं मनासारखं असलं तर, काही जंतू वीस मिनिटांना दुप्पट होतात. सकाळी सातला एकच जंतू होता असं धरा. दुपारी एकपर्यंत अठरा वेळा दुप्पट होऊन ते दोन लाख बासष्ट हजार होतात, म्हणजे अजून धुळे शहराच्या मागे असतात. एक वाजून वीस मिनिटांनी सव्वापाच लाख होतात आणि २०११च्या जनगणनेतल्या धुळ्याला आणि जळगावला, दोघांनाही, एकाच वेळी मागे टाकतात. हा कागदावरचा हिशेब आहे. खरा जंतू सुरुवातीला जरा रेंगाळतो, बर्फ वितळेपर्यंत त्याला सूरही सापडत नाही. पण कोंबडीवर सुरुवातीला एकच जंतू असतो हेही कागदावरचंच आहे. म्हणून अमेरिकी कृषी खात्याने नियम घालून दिला, की कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि उकाड्याच्या दिवसांत एकच तास. उकाडा म्हणजे किती, तर ३२ अंशांच्या वर. हा आकडा वाचून भुसावळचा माणूस स्वेटर शोधेल. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तिथे सहा तास ओट्यावर राहिलेली कोंबडी वितळत नसते, मंद आचेवर असते.

घड्याळाला न्यायासनावर बसवण्यात एकच अडचण आहे: कोंबडी किती वाजता काढली हे घरात कुणालाच नक्की माहीत नसतं. "मी सातला काढली." "छे, सातला तर दूधवाला आला होता, साडेआठ तरी झाले असतील." "मी दहाला बघितलं तेव्हा बर्फच होता." जसजसा कांदा परतायला लागतो तसतशी ती वेळ पुढे सरकत जाते, आणि खोबऱ्याचा खमंग वास सुटेपर्यंत कोंबडी जणू अर्ध्या तासापूर्वीच बाहेर आलेली असते. यावर उपाय सोपा आहे. डब्यावर चिकटपट्टी लावून वेळ लिहावी. लोणच्याच्या बरणीवर साल लिहिणारं घर हे सहज करू शकतं.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. सर्वांत मोठ्या आवाजात येतो तो पूर्वजांचा. "आमचे आजोबा कुठे थर्मामीटर घेऊन बसले होते? नव्वद वर्षं जगले." जगले ना. पण आजोबा कोंबडी अंगणातून पकडायचे आणि तासाभरात चुलीवर चढवायचे. त्यांच्याकडे फ्रीज नव्हता, म्हणून वितळलेली कोंबडी हा प्रश्नच नव्हता. उरलंसुरलं टिकवायचं असेल तर ते सुकवायचे, जसे आजही गच्चीवर पापड, कुरडया आणि बिबडे सुकतात. सुकताना पाणी जातं आणि पाण्याविना जंतूचं काही चालत नाही. वितळताना नेमकं उलट होतं, पाणी सुटतं. तेव्हा कुरडयांच्या शेजारी गच्चीवर उन्हात कोंबडीचं पातेलं ठेवणाऱ्याने आजोबांचं नाव सांगू नये. शिवाय जे आजोबा नव्वद वर्षं जगले त्यांचेच नातू त्यांच्याबद्दल सांगायला येतात. जे हगवणीने चाळिशीत गेले त्यांचे दाखले कुणी देत नाही.

दुसरा आक्षेप मसाल्याचा. दगडफूल, लाल मिरची, भाजलेलं खोबरं आणि करपेपर्यंत भाजलेला कांदा घालून केलेला खान्देशी काळा मसाला भल्याभल्यांना घाम फोडतो, मग जंतूची काय कथा, असा युक्तिवाद असतो. मसाला जंतूचा नाही, वासाचा बंदोबस्त करतो. म्हणजे तो बचाव पक्षाचा वकील आहे आणि फार महागडा वकील आहे. वर बोटभर तवंग आला की पुरावा दिसायचाही बंद होतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला नाक मुरडून चालणार नाही: "आम्ही हाड सुटेपर्यंत शिजवतो. उकळत्या रश्श्यात काय जिवंत राहणार?" बरोबर आहे. मांसाच्या गाभ्यात ७४ अंश गाठले की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर दोघांचाही निकाल लागतो, आणि आपला रस्सा शंभराच्या आसपास अर्धा तास रटरटत असतो. युरोपातला माणूस आत गुलाबी राहिलेलं मांस कौतुकाने खातो, आपल्याकडे कोंबडीचा धागा न् धागा वेगळा झाल्याशिवाय ताट वाढत नाहीत. इतकी वर्षं बुधवारच्या कोंबडीने खान्देशाची लोकसंख्या कमी झाली नाही, याचं श्रेय या सवयीला आहे, नाकाला नव्हे. पण दोन भोकं राहतात. एक, स्टॅफिलोकोकसने आधीच सोडून ठेवलेलं विष उकळल्याने जात नाही. जंतू मरतो, विष उरतं. म्हणून ओट्यावर सहा तास राहिलेल्याला शिजवणं हा उतारा नाही. दुसरं भोक त्याहून गमतीचं आहे. कोंबडी शिजते, पण ती ज्या पाटावर कापली तो पाट शिजत नाही. त्याच पाटावर, त्याच सुरीने, "जरा पाण्याखाली धर" एवढ्या संस्कारावर कांदा, काकडी आणि लिंबू कापलं जातं आणि ताटात कोंबडीच्या शेजारी कच्चंच बसतं. लोक संशयाने रश्श्याकडे बघत राहतात आणि कांदा दोनदा मागून घेतात. नळाखाली कोंबडी खसाखसा धुण्याचंही तेच. शिंतोडे बेसिनभर, शेजारच्या कोथिंबिरीवर आणि धुणाऱ्याच्या शर्टवर उडतात. हळद-मीठ लावून धुतल्याशिवाय मन धजत नसेल तर खोल भांड्यात हलक्या हाताने धुवावी आणि नंतर बेसिन घासावं. न धुता शिजवा असं म्हणण्याचं धाडस मी आजींसमोर करणार नाही.

चौथा आक्षेप पोटाचा. "आमच्या पोटाला सवय आहे, आजवर काही झालं नाही." यातलं 'काही झालं नाही' तपासून बघण्यासारखं आहे. कॅम्पिलोबॅक्टरची लक्षणं दिसायला दोन ते पाच दिवस लागतात, साल्मोनेलाला कधी सहा तास तर कधी सहा दिवस. त्यामुळे बुधवारच्या कोंबडीचा हिशेब शुक्रवारी किंवा शनिवारी चुकता होतो, आणि तोवर माणसाने कोपऱ्यावर कचोरी खाल्लेली असते. शिक्षा कचोरीवाल्याला होते. "त्याचं तेल चांगलं नाही," असं सगळी गल्ली म्हणते, आणि कोंबडी निर्दोष सुटते. कचोरीवाल्यांची संघटना असती तर त्यांनी बुधवारी घरोघरी जाऊन ओटे तपासले असते.

हे सगळं अज्ञानामुळे होतं असं मात्र म्हणवत नाही, कारण खान्देशाला कोंबडीची भीती माहीत नाही असं नाही. उलट देशात ती पहिल्यांदा इथेच आली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला तो नवापूरला. नवापूर नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण १९९८ सालापर्यंत ते धुळे जिल्ह्याचाच भाग होतं आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग त्याला जळगावशी जोडतो. त्या मार्गावरचं नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. विषाणूने फलाट न बघता पलीकडे उच्छलमध्येही हजेरी लावली. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच-फाइव्ह-एन-वन असल्याचं सांगितलं, पांढऱ्या पोशाखातली पथकं उतरली, लाखो कोंबड्या मारून पुरल्या. पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. आणि देशभर चिकनचा धंदा बसला. रेल्वेने जेवणातून चिकन-अंडी काढली. लोकांना धीर यावा म्हणून ठिकठिकाणी चिकन महोत्सव भरवावे लागले आणि पुढाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर तंगड्या तोडाव्या लागल्या. जनतेसाठी एवढा त्याग त्यांनी एरवी फारसा केलेला नाही.

आता गंमत बघा. हा विषाणू ७० अंशांवर नीट शिजवलेल्या मांसात टिकत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना घसा फोडून सांगत होती. नवापुरात माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणजे खान्देशातला रस्सा, जो हाड सुटेपर्यंत उकळतो, तो त्या काळात या विषाणूपासून पूर्ण सुरक्षित होता. तरी तो कुणी खाल्ला नाही. अंडी गटारात गेली, काही घरांत तर मॅगीच्या चिकन-चवीच्या पुडीलाही हात लावायचं धाडस झालं नाही. २०२१च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा तेच झालं, आणि त्याआधी २०२०च्या मार्चमध्ये करोना कोंबडीतून येतो अशा अफवेने चिकन मातीमोल झालं. मग भीती ओसरली, भाव पडलेले बघून लोकांनी दोन किलोऐवजी चार किलो घेतलं, फ्रीझरमध्ये कोंबलं आणि बुधवारी सकाळी सातला ओट्यावर ठेवलं. जी भीती वर्तमानपत्रात छापून येते ती आपण घेतो. जी पातेल्यात साचते तिला आपण हुंगतो. नवापूर ते जळगाव एवढ्या अंतरावरून विषाणू दिसला, पण ओट्यावरचा जंतू दोन हातांवरून दिसत नाही, कारण त्याच्यासाठी पांढऱ्या पोशाखातलं पथक येत नाही.

विजेबद्दल न लिहिता खान्देशात फ्रीजबद्दल लिहिता येत नाही. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीजकेंद्र आहे, त्याच्या चिमण्या दुरून दिसतात, आणि भारनियमनाच्या काळात त्या चिमण्यांकडे बघतच माणसं अंधारात जेवली. आता दिवस पुष्कळ बरे आहेत, पण मेमधली वादळं आणि 'देखभाल-दुरुस्ती' यांनी फ्रीझरची परीक्षा चालू ठेवली आहे. दार न उघडल्यास फ्रीज चार तास गारवा धरून ठेवतो, भरलेला फ्रीझर अठ्ठेचाळीस तास, अर्धा भरलेला चोवीस. अट एकच, दार उघडायचं नाही. ही अट मानवी स्वभावाच्या विरुद्ध आहे. वीज गेली की घरातला प्रत्येक जण दर अर्ध्या तासाने फ्रीज उघडून "अजून गार आहे का" हे बघतो, आणि तेवढ्यानेच तो गरम होतो. बाहेरगावी जाताना एक युक्ती करावी. वाटीत पाणी घालून बर्फ करावा आणि त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून वाटी फ्रीझरमध्ये ठेवावी. परतल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. तळाशी गेलेलं असेल तर तुम्ही लग्नात जेवत होता तेव्हा कोंबडी वितळून पुन्हा गोठलेली आहे, आणि आता तिचा वास घेऊन काही उपयोग नाही, कारण बर्फाला वास येत नाही. पिशवीच्या तळाशी गुलाबी बर्फाची लादी दिसली तरी तेच समजावं.

"मग काय फेकून देऊ? अडीचशे रुपये गेले!" हा शेवटचा आक्षेप आणि सर्वांत प्रामाणिक. अन्न टाकू नये हे आपल्या हाडांत मुरलेलं आहे आणि ते चांगलंच आहे. पण अडीचशे रुपये वाचवण्यासाठी शंभर रुपयांचा मसाला आणि सहाशे रुपयांचा डॉक्टर खर्ची पडला तर ती काटकसर नव्हे. यावर घरोघरी एक मधला मार्ग निघतो: आधी मांजराला घालून बघायचं. मांजर खातं, ओठ चाटतं, कोपऱ्यात जाऊन झोपतं, आणि सगळे "बघ, काही झालं नाही" म्हणत ताटं मांडतात. मांजराचं पोट कच्च्या उंदरासाठी बनलेलं आहे, तुमचं नाही. शिवाय मांजराला झालं तरी ते सहा दिवसांनी होईल, आणि तोवर थांबायचं तर ती कोंबडी ठेवणार कुठे?

करायचं काय ते थोडक्यात. वितळवायची तर फ्रीजच्या तळच्या कप्प्यात, खोल भांड्यात, म्हणजे पाणी भाजीवर गळणार नाही. किलोभर तुकड्यांना रात्रभर ते चोवीस तास लागतात. अशी वितळलेली कोंबडी फ्रीजमध्येच दिवस-दोन दिवस टिकते, आणि एकादशी आडवी आली तर पुन्हा गोठवलीही चालते. घाई असेल तर घट्ट बांधलेली पिशवी थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून, आणि लगेच शिजवायची. थंड पाणी म्हणजे नळाचं नव्हे. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात कोंबडी वितळत नाही, उकडते. माठातलं घ्या किंवा त्यात बर्फ टाका. मायक्रोवेव्हमध्ये वितळवली तर तिथून थेट कढईत. आणि ओट्यावर दोन तासांच्या वर राहिली असेल, उन्हाळ्यात एका तासाच्या वर, तर काकूंना बोलावू नका.

या सगळ्यात एक पेच मात्र मला सुटलेला नाही आणि तो तुमच्या हवाली करतो. चालणारे वार तीन: बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यासाठी फ्रीजच्या तळाशी कोंबडी उतरवायची ती आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, गुरुवारी किंवा शनिवारी, आणि वरच्या कप्प्यात त्या दिवशी नैवेद्याचं दूध असतं. वितळवणं म्हणजे खाणं नव्हे, असा निर्णय आपापल्या घरच्या आजींकडून मिळवावा. कुणाला मिळालाच तर शेजारपाजारीही कळवावा.